कंची?

आमच्या आज्जीला मध्येच विचारायची सवय होती. कुणी काही सांगू लागलं, की वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा प्रश्न यायचा, "कंची?" पाळी आली म्हटलं की "कंची पाळी?", पाट म्हटलं की "कंचा पाट?" सांगणाऱ्याला वाटायचं, म्हातारीला ऐकू कमी येतं. तसं नव्हतं. तिचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली तरी तिला अंथरुणातून कळायचं. तिला अक्षरओळख नव्हती, आणि अक्षरओळख नसलेल्या माणसाला शब्द फक्त कानावाटे भेटतो. तो लिहितात कसा, त्याची वेलांटी पहिली की दुसरी, हे तिच्यापर्यंत कधी पोचलंच नाही. शब्द पुरता कळायला तिला सांगणारा माणूस लागायचा, वेळ लागायची, प्रसंग लागायचा. त्यातलं काही कमी पडलं की ती विचारायची.

पाट तिच्या ओळखीचे तीन होते. जेवायला बसायचा लाकडी पाट, रानात पाणी नेणारा पाट, आणि नवरा गेलेल्या बाईनं पुन्हा मांडलेला संसार, तोही पाटच. तिच्या माहेरच्या एका बाईचा असा पाट लावलेला होता. त्या बाईचा विषय निघाला की आज्जी हा शब्द जरा थांबून, जपून उच्चारायची. पाण्याच्या पाटाला ती असं कधी थांबली नाही.

पाळीचं तर विचारूच नये. इस्लामपूरच्या आसपासच्या कुठल्याही शेतकरी घरात हा शब्द रोज होतो. कृष्णेचं पाणी उपसून रानात आणणाऱ्या पाणीपुरवठा संस्था गावोगाव आहेत. पाणी सगळ्यांना एकदम मिळत नाही, म्हणून पाळी. पाटकरी येऊन सांगतो, उद्या रात्री तुमची पाळी. नांगरटीनंतर ढेकळं फोडायला कुळव फिरवतात, तीही पाळी. एक पाळी झालीय, अजून एक घालायला पाहिजे. सोन्याच्या फुलांच्या वजनानं ओघळलेली आज्जीच्या कानाची पाळी, ती तिसरी. आणि चौथी, जी पुरुषमाणसं घरात असताना कुणी उच्चारायची नाही.

मी शाळेत होते. ही चौथी पाळी आईनं मला नुकतीच, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घेऊन, हलक्या आवाजात सांगितली होती. त्याच दिवसांत रात्री जेवताना दादा भाकरी मोडत मोठ्यानं म्हणाले, "पाळी आलीय आपली, दोन वाजता जायला पाहिजे." माझा हात ताटातच थांबला. कान तापले. समोर आज्जी बसली होती, तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि त्या एका वेळी तिनं "कंची?" विचारलं नाही. उलट माझ्याकडं बघतच म्हणाली, "पाण्याची गं." दादांना काही कळलं नाही, ते पुढं मोटारीच्या लाइटीबद्दल बोलत राहिले. माझा मात्र श्वास सुटला.

पुढं कधीतरी ध्यानात आलं, की आमच्या घरात या दोन पाळ्या कधीच एक झाल्या नव्हत्या. एकीची हाक अंगणातून, मोकळ्या गळ्यानं यायची. दुसरी कानाजवळ येऊन, खालच्या आवाजात. नाद एकच, पट्टी वेगळी. कोशात शब्दापुढं एक, दोन, तीन असे आकडे घालून अर्थ देतात. बोलताना ते आकडे गळ्यातून निघतात. अर्थाच्या बाजूनं बघायला गेलं, तर पाण्याची, कुळवाची आणि बाईची या तिन्ही पाळ्या एकमेकींच्या जवळच्याच म्हणायच्या. फिरून येते ती पाळी. तरी एकीला एवढा मोकळा आवाज आणि दुसरीला एवढी कुजबुज कशासाठी, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. आता माझ्या घरात मी ती अंगणातल्या आवाजातच उच्चारते.

फड या शब्दाचं वैभव मात्र आमच्या वाळवा तालुक्यात यावं आणि पाहावं. दिवाळीच्या आसपास उसाला तोड येते आणि शेताचं नावच बदलतं. कालपर्यंत ते 'बांधाकडचं' किंवा 'विहिरीजवळचं' असतं, कोयता लागला की तो फड. पाचटाचा करकर आवाज, कापलेल्या बुडख्यांचा गोडसर वास, वाढ्यांच्या पेंढ्या न्यायला आलेल्या शेजारणी, हा एक फड. जत्रेतला कुस्त्यांचा दुसरा. तांबडी माती, हलगी, मांडीवर पडलेली थाप, आणि पंचक्रोशीतली माणसं उन्हात मांडी ठोकून बसलेली. तिसरा तमाशाचा. शाहीर पठ्ठे बापूराव याच तालुक्यातले. रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्यांच्या घरात 1866 साली जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे हेच बापूराव, वतनदाराच्या घरातून उठले आणि फडात गेले.

"फडात गेला" एवढंच वाक्य आज्जीच्या कानावर आलं असतं, तर तिचा प्रश्न ठरलेला होता. उत्तरावर सगळं अवलंबून. उसाच्या म्हटलं तर दुपारची भाकरी बांधायची. कुस्तीच्या म्हटलं तर दूध, बदाम आणि छाती फुगलेला बाप. तमाशाच्या म्हटलं तर त्या काळी घराची दारं बंद. मला हा शब्द म्हणूनच फार आवडतो. समाजानं या तीन ठिकाणांना तीन वेगळ्या पायऱ्यांवर बसवलं, शब्दानं तिन्हींना एकाच ओळीत बसवलं. घाम तिन्हीकडं आहे, आणि रंगला तर 'फड रंगला' असंच तिन्हीकडं म्हणतात. लावणीचा श्रोता शब्दाचा दुसरा अर्थ पकडायला कान टवकारूनच बसलेला असतो. ज्या गावात मुळातच प्रत्येक शब्दाला दोन-तीन पदर आहेत, तिथल्या माणसाला हे वेगळं शिकावं लागत नाही. बापूरावांच्या कानावर लहानपणी रेठऱ्यात काय काय पडलं असेल, याचा विचार करत मी कधीकधी बसते.

उसाच्या लागणीचे इथे तीन हंगाम. जुलै-ऑगस्टची आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, आणि डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतची सुरू. बाहेरून आलेल्या माणसाला 'सुरू लागण' म्हणजे लागण चालू आहे असं वाटतं. इथे "सुरू संपली का?" असं कुणी विचारतं आणि "संपली की" असं कुणी सांगतं, आणि त्या दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. सुरूचं झाड आहे ते निराळंच. ते कोकणच्या किनाऱ्यावर.

लागण या शब्दावर मात्र मला थांबावं लागतं. लहानपणापासून तो मला चिखलाच्या वासासकट ओळखीचा. आदल्या दिवशी सऱ्यांना पाणी दिलेलं असतं. बेण्याच्या उसाची दोन-दोन डोळ्यांची टिपरी तोडून ठेवलेली. बायका ओळीनं सरीत उतरतात, टिपरं आडवं टाकतात आणि पायानं दाबत पुढं सरकतात. डोळे वर-खाली न राहता दोन्ही बाजूंना यावेत एवढं बघायचं. खाली गेलेला डोळा उगवायला वेळ लावतो. पायाला ते हाताइतकंच कळतं; वाकून बघावं लागत नाही. मध्येच पावसाची सर येते, सरीत पाणी साठतं. या 'सर' आणि 'सरी' यांच्याकडं तेव्हा कुणाचं लक्ष नसतं, डोक्यावर खोळ ओढून काम पुढं चालू राहतं. संध्याकाळी मालक सांगतो, "लागण झाली." त्या दोन शब्दांत दीड वर्षाची आशा असते. आडसाली ऊस तेवढा काळ रानात उभा राहतो.

मार्च 2020 च्या अखेरीस राज्यभरातल्या वाहिन्यांवर इस्लामपूरचं नाव झळकायला लागलं. इस्लामपुरात कोरोनाची लागण. तोच शब्द, आमच्याच गावाच्या नावापुढं. गावात पत्रे ठोकून रस्ते बंद झाले, पेठ नाक्यावरून आत येणारी वाट पोलिसांनी अडवली. बाहेरगावी असलेले नातेवाईक फोन करून करून विचारायला लागले. ती पहिली साखळी तुटली, गाव थोडं सावरलं, आणि मग पावसाळ्यात सगळ्या जिल्ह्यातच साथीनं जोर धरला. आडसालीचा मोसम आणि साथ त्या वर्षी अशी एकदमच आली.

तात्या, म्हणजे माझे चुलते, त्या पावसाळ्यात एके दिवशी रानात होते. पुण्याहून आत्याचा फोन आला. वारा होता, पाऊस होता, फोनमधलं निम्मंच ऐकू येत होतं. तिनं विचारलं होतं, "लागण झाली का रे कुणाला?" त्यांच्या कानावर पोचलं "लागण झाली का रे?" ते म्हणाले, "झाली की. काल दिवस मावळायच्या आत सगळी झाली." पलीकडं आत्या रडायला लागली. ती का रडतेय हे तात्यांना कळायला थोडा वेळ गेला, आणि कळल्यावर ते बांधावर उभे राहून, पुण्यापर्यंत तसंच ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होते, "उसाची गं, अक्का! उसाची!" पुढं घरात ही गोष्ट लग्नाकार्यात सांगितली गेली, माणसं हसलीही. त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं. बांधापलीकडच्या घरात दुसरी लागण खरोखर झालेली होती, आणि त्या घरचं बेणं तोडून तसंच पडलं होतं. दोन दिवसांनी आमच्या माणसांनी त्यांच्या सऱ्या लावून दिल्या. त्या शेतात मग लागणीनंतर लागण झाली. आज्जी तेव्हा नव्हती. असती तर फोन तिच्या कानाला लावायला हवा होता, असं मला फार वाटलं.

लागणे हे क्रियापदच मुळात कुणाचं चांगलं-वाईट बघत नाही. रोप लागतं, रोग लागतो. नाद लागतो, दृष्ट लागते, पाऊस लागतो, दिवा लागतो, भांडण लागतं, जीव लागतो. 'ती तुझी कोण लागते?' असं विचारतात, तेव्हा नातंसुद्धा लागलेलंच असतं. एका गोष्टीनं दुसरीला धरलं आणि मग सोडलं नाही, एवढंच त्या क्रियापदाला सांगायचं असतं. धरलं ते मुळानं की तापानं, हे त्यानं कधी स्वतःकडं घेतलं नाही. ते विचारायचं काम त्यानं ऐकणाऱ्यावर सोडलं.

काही शब्दांच्या बाबतीत मात्र दोन अर्थ आहेत म्हणून कौतुक करायला माझं मन होत नाही. थंडीत साखराळ्याच्या कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते. (साखराळे हे नाव तसं गावाचं जुनंच, कारखाना मागून आला; नावात साखर आधीच ऐकू येत होती.) रांगेतल्या बैलगाडीवर उसाच्या मोळ्यांवर एखादी बाई पोराला मांडीवर घेऊन बसलेली दिसते. पहाटे अंधारात फडात उतरलेली असते ती. तिला आणि तिच्या नवऱ्याला मिळून या धंद्यात 'एक कोयता' म्हणतात. "यंदा किती कोयते आणले?" असं विचारतात, तेव्हा हत्यारं मोजायची नसतात, जोडपी मोजायची असतात. माणूस एकटाच आला तर तो अर्धा कोयता. मुकादमाच्या वहीत नाव बहुधा नवऱ्याचं असतं. ती त्या कोयत्याची दुसरी अर्धी बाजू. हंगामाआधी घेतलेल्या पैशाला उचल म्हणतात, आणि ती फेडायला पुढं सहा महिने रोज मोळी उचल, डोक्यावर घे, फळीवरून चढ, गाडीत टाक. उचल आणि उचल. इथे मला आज्जीसारखं "कंची?" विचारावंसं वाटत नाही, कारण दोन्ही एकच आहेत हे समोर दिसतं. माणसाला हत्याराच्या नावानं मोजण्याची सवय आपल्या जिभेला लागली आहे, आणि ती जावी असं मला मनापासून वाटतं.

ही माणसं बरीचशी बीडकडची. आमच्या भागात बीड हा दुसराही शब्द आहे. ओतीव लोखंड, ते बीड. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली इथून जवळच, कुंडलच्या माळावर कारखाना घातला आणि लोखंडी नांगर केले, तेव्हापासून बीड ओतणं हा या भागाच्या ओळखीचा धंदा. पण यांचा कधी घोटाळा होत नाही. बीडचा माणूस आणि बिडाचा तवा. प्रत्यय लागला की शब्द आपली ओळख सांगतात. नाव घ्या: नावेत बसता येतं, नावात काय आहे असं विचारता येतं. माळेत मणी असतात, माळावर मेंढरं. उभे असताना जुळे दिसणारे हे शब्द चालायला लागले की चालीवरून वेगळे कळतात. मराठी व्याकरणातलं सामान्यरूप मला शाळेत कंटाळवाणं वाटायचं. आज मला ते भाषेनं ऐकणाऱ्यासाठी घेतलेली काळजी वाटतं.

शाळेतल्या बाईंनी मात्र आम्हाला दुसराच धडा दिला. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे नस. सुत मुलगा, सूत धागा. वहीत दोन उभे रकाने आणि मध्ये समास. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम 1962 साली आले, 1972 साली त्यांत आणखी चार पडले, आणि त्या अठरा नियमांच्या आधारानं आमच्या वह्या लाल होत राहिल्या. नियम बरोबरच आहेत, मी आजही ते पाळते. पण खरं सांगायचं तर बाईंच्या तोंडून दिन आणि दीन हे दोन्ही एकसारखेच यायचे. मराठी बोलणारा माणूस ते दोन्ही लांबवूनच बोलतो. तो फरक जिभेनं कधीच सोडून दिलाय, तो आता फक्त कागदावर आहे.

आणि याच्या बरोबर उलट असंही आहे, ज्याचा धडा कुणी दिला नाही. जिभेनं जपलेला फरक, जो कागदावर उमटत नाही. 'तो जात आहे' यातला ज दातांमागून, दंतमुळाला घासून येतो. 'त्याची जात' यातला ज टाळूवरून येतो. लिहायला दोन्ही एकच अक्षर. जरा म्हणजे थोडं, त्याचा ज वेगळा. जरा म्हणजे म्हातारपण, त्याचा वेगळा. पाच म्हणजे आकडा आणि पाच म्हणजे रत्न, यांतले च वेगळे. आज्जीच्या तोंडी हे कधी चुकले नाहीत. आणि आठवतं तसं, जात या शब्दावर तिनं कधी "कंची?" म्हटलं नाही. 'जात' कानावर पडताक्षणी कळायचीच, ती निघून जाणारी आहे की चिकटलेली.

अण्णा भाऊ साठे याच तालुक्यातल्या वाटेगावचे, 1 ऑगस्ट 1920 चा जन्म. शाळा त्यांना लाभली नाही. घरच्यांबरोबर चालत मुंबई गाठली. पोवाडे, लावण्या, कथा, 'फकिरा'सारखी कादंबरी, हे सगळं लिहिणारा माणूस आधी कानानं शिकलेला होता. ते वाचताना मला नेहमी वाटतं, की हे मोठ्यानं वाचायला पाहिजे, आणि वाळव्याच्या बोलीत कान तयार झालेल्या माणसानं वाचायला पाहिजे. त्यातला कुठला च दाताचा आणि कुठला टाळूचा, हे पानावर लिहिलेलं नाही.

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. मराठी तिला चांगलं येतं, शुद्धलेखन तर माझ्या वयाच्या माणसांपेक्षा चांगलं. पण ती मराठी आधी वाचायला शिकली, ऐकायला मागून. 'चांदणं' ती 'चेंडू'तल्या च नं वाचते. मी म्हणून दाखवते, ती ऐकते, म्हणते, "सेमच तर आहे." तिला खरोखरच सेम ऐकू येतं. वेलांटी चुकली तर कुणीतरी लाल खूण करतं. हा च गेला तर कुठंच खूण उरत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, आणि ते लपवायचं काही कारण मला दिसत नाही. दोन च म्हणजे काही जुन्या दागिन्यांचा जोड नव्हे, की पेटीत ठेवला की राहिला. ते रोज कुणीतरी कुणाच्या तरी कानात घालायला लागतात.

तिच्याच इतिहासाच्या पुस्तकातून परवा प्रतिसरकार निघालं. इस्लामपुरात राहून हा धडा पुस्तकातून शिकायचा याचं मला नवल वाटलं, पण असो. 10 सप्टेंबर 1942 ला इस्लामपूरच्या कचेरीवर मोर्चा आला होता. गोळीबार झाला. किर्लोस्करवाडीचे पंड्या आणि कामेरीचे बारपटे त्यात गेले. तेव्हा आमचा तालुका सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा 1949 साली झाला आणि त्याचं नाव सांगली व्हायला 1960 उजाडलं. त्या जुन्या साताऱ्यात 1943 पासून भूमिगतांनी आपलं सरकार उभं केलं. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, कुंडलचे जी. डी. बापू लाड. गावोगाव न्यायदान मंडळं बसली, तंटे गावातच सुटले, थोडक्या खर्चात लग्नं लागली, सावकारांना आणि गुंडांना जरब बसली. 1946 पर्यंत हे चाललं.

ते चालवणाऱ्यांनी त्याला प्रतिसरकार म्हटलं. गोऱ्यांच्या सरकारासमोर उभं केलेलं आपलं सरकार. पण प्रति हा पोथीतला शब्द, तेव्हाच्या गावाच्या कानाला तो रोजचा नव्हता. रोजची होती पत्री. बैल वाटेवर घसरू नये, खूर झिजू नये, म्हणून बैलाला आडवा पाडून, पाय बांधून खुराला ठोकतात ती लोखंडी पट्टी. आणि या सरकारची शिक्षाही पायालाच होती. खबरे, दरोडेखोर, बायकांना त्रास देणारे यांना आडवं पाडून तळपायावर काठीचे फटके. पाय बांधलेला, माणूस आडवा. गावानं ते चित्र पाहिलं किंवा ऐकलं, 'प्रति' कानावर आलं, आणि झालं पत्री सरकार. एका आवाजाला जवळचा दुसरा आवाज मिळाला आणि त्यातून नाव जन्माला आलं. लांबच्या गावांत मग माणसांच्या पायाला खरेच पत्रे ठोकतात अशी गोष्ट झाली. ज्यांनी ते सरकार चालवलं ते पुढं सांगत राहिले, की फटके होते, खिळे नव्हते. पण पत्री या शब्दात ठोकणं इतकं घट्ट बसलेलं आहे, की ते सांगणं कमीच पडलं.

मी या नावाकडं नुसती ऐकण्यातली चूक म्हणून बघू शकत नाही. पुढाऱ्यांनी दिलेल्या नावात त्या सरकारचा विचार होता. लोकांनी दिलेल्या नावात त्याची जरब होती, आणि जरबेशिवाय ते सरकार तीन वर्षं टिकलं नसतं. पत्रीमुळं त्या माणसांवर क्रूरपणाचा आळ आला हेही तितकंच खरं, आणि तो आळ मला डाचतो. आज्जी तेव्हा परकरी पोर होती. ती शेवटपर्यंत पत्रीच म्हणायची. "आमच्यात पत्रीचं सरकार हुतं" असं म्हणताना तिचा आवाज अंगणातलाच असायचा, मोकळा. तिला कुणी 'प्रति' म्हणून दुरुस्त केलं असतं, तर तिनं नक्की विचारलं असतं, की हे आणि कंचं?

मुलीनं मला विचारलं, परीक्षेत काय लिहू? मी म्हटलं, प्रतिसरकार लिही. आणि म्हणायचं काय? मी म्हटलं, इथं म्हणायचं असेल तर पत्री. ती वहीत दोन्ही लिहीत बसली, एकाखाली एक. मग पान उलटून तिनं त्याच सरकारच्या तुफान सेनेवर बोट ठेवलं. "आई, या तुफान सेनेतलं तुफान आणि मे महिन्यात पत्रे उडवून नेतं ते तुफान, एकच का?" एकच, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण तात्या समोर बसले होते. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "एक कसं असंल?" कुंडलच्या तरुण पोरांची ती सेना, तिच्या गोष्टी त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेल्या. दोघांचा वाद जेवणापर्यंत चालला आणि जेवतानाही मिटला नाही. येत्या रविवारी ताकारीवरून कुंडलला जायचं ठरलंय. तात्यांच्या ओळखीचं एक घर आहे तिथं, त्या घरातल्या म्हाताऱ्या आजोबांना विचारायचं.